बरणीवरची साय

मदन महल वस्तीत मी ज्या काकांकडे स्वयंपाक करत असे, ते एकटे राहत आणि घरीच पांढऱ्या द्राक्षांची वाइन करत. मागच्या खोलीत फडक्याने झाकलेली एकच मोठी काचेची बरणी होती. तीन वर्षांपासून वाइन तिच्यात मुरत होती आणि वर पांढरी, सुरकुतलेली साय धरली होती. ती साय मुद्दाम ठेवलेली आहे, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

घशाच्या ऑपरेशनसाठी ते महिनाभर दवाखान्यात राहिले, तेव्हा मी सगळं घर स्वच्छ केलं. लोणच्यावरची बुरशी चमच्याने काढतात, तशी ती साय मी काढून फेकली.

ते घरी आले तेव्हा पाणीसुद्धा नळीने द्यावं लागे. एक दिवस बसक्या आवाजात म्हणाले, "बाई, मला तर आता चाखता येत नाही. तू चाख अन् सांग. साय आहे न वरती? तिच्यामुळेच चव येते."

"आहे जी," मी म्हटलं.

कपात थोडी वाइन आणून त्यांच्यासमोर घोट घेतला. नुसता आंबट सिरका झाला होता.

"कशी लागून राहिली? अक्रोडासारखी न?"

"हो काका, अक्रोडासारखीच."

"मग तोंड काहून वाकडं करून राहिली?"

"पहिल्यांदाच पिली न जी."

ते हसले. हसताना खोकला आला. मग डोळे मिटून म्हणाले, "चलो, जमली एकदाची."

दहा दिवसांनी ते गेले. बरणी मीच मोरीत रिकामी केली. अक्रोड मी आजवर खाल्लेला नाही.