तिघांची संमती

आमच्या भागातल्या रहिवाशांचा वेबसाइटवरचा एक मोठा ग्रुप आम्ही तिघं सांभाळायचो: कसबा पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका, बँकेतले एक साहेब आणि मी. कुठली पोस्ट काढायची याची चर्चा व्हॉट्सॲपवर चाले. एकदा बाईंनी एका सभासदाबद्दलचं "यांना कुणीतरी कामधंदा द्या" हे मत आमच्या व्हॉट्सॲपऐवजी चुकून थेट मोठ्या ग्रुपवर टाकलं. त्या सभासदाने असं काही रान उठवलं, की तिघांत प्रोग्रामर मी एकटीच म्हणून आमच्यापुरतं वेगळं चॅट बनवायला बसले. तक्रार आलेली पोस्ट तिथे दिसावी, खाली आम्ही बोलावं, तिथूनच ती काढावी. एवढंच.

धायरीतल्या माझ्या घरी रविवारचे रविवार यातच गेले. बाई म्हणाल्या, "अगं, ते 'काढा'चं लाल बटण अंगावर येतं." साहेब म्हणाले, "मॅडम, एकट्याने पोस्ट काढणं ही हुकूमशाही झाली. तिघांची संमती हवी." वाद घालायचं त्राण नव्हतं. टाकला नियम.

आणि एका सकाळी मंडईतला फोटो आला. एक म्हातारी, तिच्या हाताला हिसडे देत रडणारं पोर, वर ओळ : 'मुलं पळवणारी बाई, आत्ता इथेच आहे!' मी लगेच 'काढा' दाबलं. साहेबांनी लिहिलं, "ती पळवत नाहीये याला पुरावा काय?" मी कपाळाला हात लावला. लोक भराभर फोटो पुढे पाठवत होते.

बाईंना फोन केला. "चॅट उघडता का जरा?"

"दोन्ही हातांत पिशव्या आहेत. मंडईत आहे मी."

मी घाईघाईने फोटोतल्या म्हातारीचं आणि पोराचं वर्णन सांगितलं. फोन चालूच राहिला. गलका वाढत गेला, मग बाईंचा वर्गातला आवाज आला, "व्हा बाजूला! हात लावायचा नाही तिला!" माणसं जमलीच होती. थोड्या वेळाने बाई धापा टाकत म्हणाल्या, "आजी आहे गं त्याची. खेळणं घेतलं नाही म्हणून रडतोय. काढ ती पोस्ट."

"तिघांची संमती लागते."

"कसली संमती? बनवलंयस कुणी ते?"

मी चॅट सोडून सरळ वेबसाइटच्या सर्व्हरवर जाऊन पोस्ट उडवली आणि खरा प्रकार ग्रुपवर लिहिला.

दुपारी बाईंचा पुन्हा फोन आला. म्हातारीला त्यांनी रिक्षात बसवून घरी सोडलं होतं. "एकच विचारत होती, माझा फोटो काढला कुणी? काय सांगू तिला?"

तिघांचा नियम मी तेव्हाच काढून टाकला: आधी पोस्ट काढा, मग भांडा. साहेबांनी चॅटवर लिहिलं, "परस्पर नियम बदलल्याबद्दल तीव्र निषेध."

मी लिहिलं, "पोचला."