चपला काढून गाडीत बसणारे चाचा

कोणाचीही गाडी असो, आत बसण्याआधी ते चपला बाहेर काढून ठेवायचे. गिऱ्हाईक हसलं तरी त्यांना फरक पडत नसे. "आधी वायरले विचारू, मंग पार्टले," एवढं बोलून कामाला लागायचे. देऊळघाटचे हे म्हातारे, बुलढाण्यात गाड्यांचं वायरिंग बघायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. असा एखादा हट्टी मिस्त्री तुमच्याही पाहण्यात असेल.

माझा दवाखाना रोहिणखेडला. डावा पाय पोलिओने गेलेला, म्हणून क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी घेतली होती. ती बीटी कपाशीची वर्षं. बोंडअळीचा त्रास संपेल म्हणून लोकांनी ते बियाणं पेरलं, पण दुसऱ्या किडी आल्या आणि पाठीवरचा पंप काही उतरला नाही. फवारताना विषबाधा झालेली माणसं माझ्याकडे यायची. गंभीर असली की मीच त्यांना गाडीत घालून, घाट चढून बुलढाण्याला न्यायचो.

आणि नेमकी घाटातच गाडी दगा देऊ लागली. तिसऱ्या गिअरला अडकायची ती खाली यायचीच नाही. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावून सांगितलं, गिअरबॉक्स बदला. तो यायला दोन महिने, आणि फवारणी तोंडावर आलेली. शेवटी गाडी चाचांकडे नेली.

"गिअरबॉक्स चांगला हाय," चाचा म्हणाले.

"कशावरून?"

"बंद करून चालू केली की नीट चालते ना? गिअरचा तुटलेला दात असा बरा होते काय?"

दोन दिवस बॉनेट उघडून, टेस्ट लॅम्प घेऊन ते तारा तपासत होते. काही सापडेना. मी कंटाळलो, ते नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बसल्याबसल्या त्यांनी पाय उचलला.

"डॉक्टरसाहेब, गालिचा ओला काऊन हाय? वरून सुका, दाबला का पाणी."

उत्तर मला माहीत होतं, सांगायची लाज वाटली. आजारी माणसं गाडीत ओकायची, आणि प्रत्येक खेपेनंतर मी बादलीने पाणी ओतून गाडी धुवायचो. चाचांनी गालिचा उलटला. सीटखाली गिअरचा कंट्रोल बॉक्स होता. त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या, अर्थिंगची वायर कुजलेली.

"मी पाणी ओतणं बंद करतो," मी म्हणालो.

"धुवा ना. माणसं तं आणाच लागतीन. मी डब्बा वर नेतो."

नवी वायर टाकून त्यांनी तो बॉक्स डॅशबोर्डच्या मागे वर बसवला. चाचणीसाठी आम्ही घाट उतरून रोहिणखेडला आलो, तर दवाखान्यासमोर फवारणीचा एक मजूर आडवा, तोंडाला फेस. मी इंजेक्शन दिलं.

"घ्या गाडीत," चाचा म्हणाले.

"अजून चढावर तपासली नाही आपण."

"आता तपासू. चाला."

ते मागे बसले, मजुराचं डोकं मांडीवर घेऊन. पहिल्या वळणाला चढ लागला. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरला, गाडी नेटाने चढू लागली. मागून आवाज येत होता, "झोपू नको बे. माह्याकडे पाह्य. डोये उघडे ठेव." घाट संपेपर्यंत ते त्याच्याशी बोलत राहिले. माणूस वाचला.

चाचा गेले तेव्हा मी देऊळघाटच्या कब्रस्तानात पोचलो, तर लोक कबरीत माती देत होते. त्यांच्यात तो मजूर उभा होता. त्याला कोणी कळवलं कोण जाणे. शेजारच्याचं पाहून त्याने रिवाजाच्या तीन मुठी माती दिली. मग चौथी भरून घेतली, आणि ती काही त्याच्याने टाकवेना.