काटेमामाचे चौऱ्याहत्तर किलो

रोज सकाळी शटर वर सरकवलं की मामा आधी वजनकाट्यावर उभा राहायचा. कमरेला अॅप्रन, पायात जाड बूट, खिशात नट आवळायचे दोन पाने, असा सगळा सरंजाम अंगावर घेऊन. सुई चौऱ्याहत्तरावर आली की उतरायचा. नाही आली, तर तबकडीखालचा स्क्रू पिळून तिला तिथे आणायचा आणि मगच कामाला हात लावायचा.

काटा एका बंद पडलेल्या गोदामातून आणलेला. शून्याजवळचे आकडे गंजाने खाल्ले होते आणि सुई तिथे एका खिळ्याला टेकून पडलेली असायची. मग काटा बरोबर आहे हे ठरवायचं कशावरून?

"माझ्यावरून," मामा म्हणायचा. "बावीस वर्षांत माझं वजन हललेलं नाही. जेवण तेच, काम तेच, डोक्याला बायको नाही."

त्याच्याकडे डोंगरात चालवायच्या सायकली यायच्या. त्यांच्या पुढच्या फोर्कमध्ये आणि मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमध्ये, हवा असते आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. कमी पडली तर सायकल प्रत्येक खड्ड्यात लोटांगण घालते, जास्त झाली तर दगडांवरून टणाटण उडते. म्हणून मामा गिऱ्हाइकाला हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी अशा सगळ्यानिशी काट्यावर चढवायचा. कुणी नुसतं तोंडी वजन सांगितलं की म्हणायचा, "हे स्थळ बघायला आल्यावर सांगायचं. आता खरं बोला." काटेमामा हे नाव त्यावरून पडलं. जिभेवरून पडलं असंही काही जण म्हणत.

भाची त्याच्याच हाताखाली शिकली आणि उतारावरच्या शर्यतीत उतरू लागली. गेल्या वर्षी खालून तिसऱ्या वळणावर तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. यंदाची शर्यत दोन आठवड्यांवर आली आणि सरावात त्याच वळणावर पुढचं चाक जमीन धरेना. हाताला मुंग्या येत. रात्री अंथरुणात तिची बोटं आपोआप ब्रेक दाबत राहायची.

"मामा, फोर्क कडक आहे."

"वजनाप्रमाणे हवा आहे."

"मग ही बघ." फोर्कच्या नळीवर रबराची एक बारीक रिंग असते. माणूस बसला की फोर्क किती दबला ते ती दाखवते. पाव दबायला हवा होता, जेमतेम सहावा हिस्सा दबला होता.

"आतलं रबरी सील सुकलं असेल," मामा म्हणाला आणि फोर्क खोलला. सील बदललं, तेल बदललं, पंप बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलला. त्या आठवड्यात आणखी तीन गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन आली. मामा एक सायकल अर्धी सोडून दुसरीकडे वळायचा, मग पहिल्याकडे परत. चहा कपातच गार व्हायचा. पँट सतत वर ओढायचा आणि चिडायचा, "हल्लीचं पट्ट्याचं कातडंसुद्धा सैल पडतं!" पट्ट्याला टोच्याने पाडलेली दोन नवी भोकं भाचीने पाहिली होती. पण तिच्या डोक्यात ते वळण होतं.

आणि तिचं स्वतःचं वजन. काटा तिला बासष्ट दाखवत होता. कॉलेजच्या दवाखान्यात, याच कपड्यांत, पंचावन्न भरलं होतं.

"परीक्षेनंतर हादडलंस," मामा म्हणाला.

तिने जेवण निम्म्यावर आणलं. आठवड्याने पुन्हा काट्यावर चढली. साडेबासष्ट.

ती उतरली, तडक शेजारच्या रंगवाल्याकडे गेली आणि चाळीस किलोची पुट्टीची सीलबंद गोणी मागितली. रंगवाला स्वतः ती पाठीवर घेऊन आला. "ठेव रे," मामा हसत म्हणाला, "हिला गोणीपेक्षा हलकी असल्याचं प्रशस्तिपत्र हवंय."

सुई साडेसत्तेचाळिसावर थांबली.

"गोणीतच जास्त भरलं असेल."

"कारखान्याचं सील आहे, काटेमामा. कारखाना कधी जास्त देतो का?" रंगवाला कंबर चोळत म्हणाला.

मामाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तबकडीखाली हात घातला. भाचीने स्क्रूवर तळहात ठेवला.

"हात काढ, सुई हललीये."

"सुई नाही हललेली, मामा. तू हललास."

चौऱ्याहत्तरातून साडेसात. तिने मनात केलेली वजाबाकी त्यानेही केली असावी, कारण त्याने पँट वर ओढली आणि हात तसाच कमरेवर राहिला. रंगवाला गोणी तिथेच टाकून निघून गेला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक? रोज चौऱ्याहत्तरच असायचं." मग घाईघाईने म्हणाला, "आधी तुझी हवा काढू. बस सायकलवर."

"आधी डॉक्टर."

"रविवारची शर्यत होऊ दे तुझी."

"उद्या आला नाहीस तर मी रविवारी उतरत नाही."

तो फोर्कचा व्हॉल्व्ह दाबून थोडी थोडी हवा सोडू लागला. ती बसली, उठली, पुन्हा बसली, तोवर रिंग पाव हिश्श्यावर येऊन थांबली. "उद्या दहाला," तो पान्याशी बोलल्यासारखा म्हणाला. उरलेली दुपार तो अकरा गिऱ्हाइकांना फोन करत बसला. "चूक माझी आहे. हवा काढायला या. नाही, तुमचं वजन वाढलेलं नाही, घरी सांगा तसं."

तपासण्या शनिवारपर्यंत चालल्या. पोटात जी गाठ निघाली ती बरीच जुनी होती. रविवारी भाची त्या वळणावरून न पडता खाली आली, पाचवी. मामा दोरीपलीकडे स्टुलावर बसला होता आणि तिच्याआधी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या फोर्कला नावं ठेवत होता.

त्यानंतर तो सात महिने होता. काम सुटलं, चुळबुळ सुटली नाही. खाटेवरून तो भाचीला दुकानातली प्रत्येक सायकल विचारायचा आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुढची. शेवटच्या दिवशी ती सराव संपवून तशीच त्याच्याकडे आली. पायापासून गुडघ्यापर्यंत चिखल, तो खोलीभर उमटलेला. ती ओशाळून फडकं शोधू लागली. मामाने डोळे उघडले.

"वाळू दे, मग झाड," तो म्हणाला. "ओला पुसलास की पसरतो."