लेकीचा चष्मा आणि माझं मौनव्रत

मी हळू बोलले तरी शेजारची बाई ‘काय झालं वं?’ म्हणत दाराशी यायची. हा आवाज मला माहेराहून मिळाला, दागिने काही मिळाले नाहीत. लेक मात्र त्याच आवाजानं मला ओळखायची. तिला दुसरा इलाजच नव्हता.

जन्मली तेव्हाच तिच्या दोन्ही बाहुल्या दुधाळ होत्या. ग्रहणात मी विळीवर बसून वांगी चिरली म्हणून असं झालं, असं सासूबाईंनी जाहीर केलं. चिरली होती, खोटं कशाला बोलू? गरोदरपणात मला भूक आवरायची नाही. डॉक्टरांनी ‘जन्मजात मोतीबिंदू’ म्हटलं, तेव्हा मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, असं मी त्यांनाच नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बाई, तुमचं झालं असेल तर मी बोलू का?’’

लेकीला उजेड कळायचा, डोळ्यांजवळ धरलेला रंग दिसायचा. चेहरा मात्र नाही. पुढं ती तीन वर्षांची असताना एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. लहान लेकराला गुंगी देऊन आत नेलं तेव्हा मी बाहेर इतकी बडबड केली, की नर्सबाईंनी मला पार जिन्याखाली नेऊन बसवलं. डोळ्यातलं खराब भिंग काढलं, आता त्याऐवजी बाहेरून जाड चष्मा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कितपत दिसेल, ते चष्मा लावल्यावरच कळणार होतं. तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्यात नणंदेशी जुंपली. ती माझ्याहून मोठी आणि बोलण्यात माझ्या तोडीस तोड. म्हणाली, ‘‘तू बोलली नाही तं पोरगी तुले ओळखनार नाही वं.’’

‘‘काहून नाही ओळखनार? लेकराले माय का सांगा लागते?’’ मी उसळले. मग काय, पैज लागली. चष्मा लागल्यावर दोघींनीही तोंड उघडायचं नाही.

चष्मा आणायच्या दिवशी मी मिरचीलाल कोरी साडी नेसले, तोंडाला पावडर थापली, वेणीत शेवंती माळली. पोर आपल्याला पहिल्यांदा बघणार, तर आई जरा बरी दिसायला नको का? आरशातला थाट पाहून नवरा म्हणाला, ‘‘लग्न कोणाचं आहे?’’ मी उत्तर दिलं नाही. सराव सुरू केला होता ना!

बर्डीच्या बाजारातल्या दुकानात चष्मेवाल्यानं लेकीच्या डोक्यामागून पट्टी बांधून चष्मा बसवला. त्या भिंगांमागं तिचे डोळे लिंबाएवढे दिसायला लागले. आधी तिनं स्वतःची बोटं पाहिली, उलटी-सुलटी करून. मग मान वर केली. मी समोरच, दात काढून उभी, बाजूला नणंद. तिनं माझ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ओठ काढून विचारलं, ‘‘आई कुठी गेली?’’

पैज गेली खड्ड्यात. पोरीला दिसतच नाही, एवढे हाल करून सगळं वाया गेलं, एवढंच डोक्यात आलं.

‘‘अवं, इथंच तं आहो मी!’’ मी अशी किंचाळले की चष्मेवाल्याच्या हातातली फ्रेम खाली पडली. ‘‘एवढी मोठी बाई दिसून नाही राहिली का तुले?’’

लेकीनं चष्म्याआडचे डोळे गच्च मिटून घेतले आणि हात पुढं करून सरळ माझ्याकडे आली. मी खाली बसले. नाक, गाल, कानातली रिंग, सगळं तिनं नेहमीसारखं चाचपलं. हाताला पावडर लागली, ती माझ्याच साडीला पुसली. मग माझं नाक चिमटीत तसंच धरून ठेवून हळूच डोळे उघडले. चिमटीत काय आहे ते पाहिलं. तिथून तिची नजर वर माझ्या डोळ्यांपर्यंत आली, मग कपाळाच्या कुंकवापर्यंत.

‘‘दिसते का गं बाई? सांग ना, दिसते का?’’ माझी टकळी सुरूच.

तिनं दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला. ‘‘चूप ना, आई. मी तुले पाहून राहिली.’’