डांबरगोळ्यांचा स्वेटर

विमानतळावर आईने बॅगेची चेन पुन्हा उघडली आणि स्वेटरच्या खिशात चार डांबरगोळ्या कोंबल्या. "लोकरीला कसर लागते गं." बाबा एवढंच म्हणाले, "जय भीम. डॉक्टर होऊन ये." अख्ख्या सोसायटीला त्यांनी सांगून ठेवलं होतं.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएच.डी.साठी एका प्रयोगशाळेत माझ्या ताब्यात अमेरिकेतले पतंग आले, तंबाखूवर वाढणारे. अळी बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर तिरके पांढरे पट्टे, शेपटाला लाल शिंग. पतंग मात्र झाडाच्या सालीसारखा करडा, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिवळे ठिपके. ते अंधारात उडतात, म्हणून त्यांच्या खोलीत आम्ही दिवसाच रात्र करायचो. वाढ पुरी झालेली अळी खाणं सोडते आणि स्वतःला पुरून घ्यायला माती शोधत पेटीभर फिरते. तिचं मला फार वाईट वाटायचं. गावात संपलेल्या फुटबॉल वर्ल्डकपचे झेंडे अजून बाल्कन्यांवर लटकत होते आणि मीही अशीच फिरत होते.

एका शुक्रवारी पावसात भिजलेला स्वेटर मी पतंगांच्या उबदार खोलीत वाळत टाकला आणि विसरले. सोमवारी दार उघडलं तर आईच्या कपाटाचा वास आला. क्षणभर बरं वाटलं, खरंच. मग दिवा लावला. अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या, पतंग उताणे पडले होते.

प्रोफेसरबाईंनी विचारलं, "आल्झो, तर मग, हा वास कसला?" मी स्वेटरच्या खिशातल्या गोळ्या काढून हातावर दाखवल्या. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा करार वाढला नाही. डॉक्टरेट तिथेच संपली.

मी स्टुटगार्टला एका कारखान्यात चाचण्यांचे रिपोर्ट लिहू लागले. घरी बोलले नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा फोनवर त्यांनी विचारलं, "झालीस का गं डॉक्टर?" मी हो म्हणाले. त्यांनी दारावर 'डॉ.' लावून माझ्या नावाची पितळी पाटी लावून घेतली आणि महिन्याभरात गेले.

स्वेटर अजून आहे. पुन्हा गोळ्या ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून त्याची कसरीने चाळण केलीय. "घालतेस ना?" आई विचारते. "हो आई," मी म्हणते.

परत यावंसं रोज वाटतं. पण घर म्हणजे आता ते दार, आणि त्या पाटीखालून मला आत जाता येणार नाही. आई ती रोज पुसते. हे वाचणाऱ्यांनो, पाया पडते, तिला सांगू नका.