पदराची दशी

केस जळल्याचा वास आला की लेकीच्या हळदीचा दिवस आठवतो. आर्वीहून धाकट्या बहिणीनं नवरीसाठी तसर रेशमाची साडी आणली होती. तिच्या शिलाईच्या कमाईशी साडीचा भाव मला जुळेना. मी पाहुण्यांसमोर शिकवायला लागलो: पॉलिस्टरच्या रेणूच्या साखळीत तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, ते वितळून गोळी होतं; रेशीम हे केसासारखंच प्रथिन, त्यात वेगवेगळे तुकडे ठरलेल्या क्रमानं असतात, ते केसासारखं जळतं. आणि पदराच्या दशीला काडी लावली. केसांचाच वास आला. "असली रेशीमच आहे ना बापा!" मी म्हणालो. "मले ठाऊकच होतं, दादा," साडीची घडी घालत ती म्हणाली, "पण जळकं कापड नवरीले नेसवत नाई." साडी परत आर्वीला गेली. बहीण आजही राखी बांधायला येते, पण आहेर पाकिटातच देते.