चौथं राहिलं

माझी माय जनकाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली, त्याच्यापुढं गेली ती दुसऱ्याच्या वावरात. आमी हट्टा गावचे. हळदीच्या सुगीत ती कुरुंद्याकडं हळद वेचायला जाते. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर भरलेली पाटी, अन् तोंड दिवसभर चालू. असल्या बाईला मी फसवलं. मी, साक्षी, तिची एकुलती एक, बीसीए झालेली पोरगी.

मला मोबाइलवरचे गेम बनवायला शिकायचं होतं. जुना लॅपटॉप घेतला, व्हिडिओ लावले. व्हिडिओतला माणूस टाइप करायचा, मी बघून बघून तसंच टाइप करायची. त्याचं चालायचं, माझ्याकडं लाल अक्षरात एरर. मंग मी तो व्हिडिओ सोडायची अन् दुसरा सोपा वाटणारा पहिल्यापासून लावायची. पाच महिने हेच. बघताना सगळं कळतंय असं वाटायचं, स्वतः करायला बसलं की डोकं बंद. लै हुशार मी!

माय रोज कामावरून आली की हातपाय धुऊन विचारायची, "आज काय झालं गं?"

"चाललंय बराबर," मी म्हणायची.

एक दिवस ती म्हणाली, "मंग दाखव ना काही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी कुणीतरी फुकट ठेवलेला अख्खा तयार गेम उतरवून घेतला. झाडावरून आंबे पडतात अन् एक बाई ते पाटीत झेलते. वरचं नाव खोडून मी 'जनकाची पाटी' असं टाकलं. पाच महिन्यांत माझ्या हातानं झालेलं काम तेवढंच.

"अगं माय! हे तू केलं?" दाखवल्यावर ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी ती खेळत बसली, तव्यावरची भाकर करपली तरी भान न्हाई. मंग म्हणाली, "पण साक्षे, ही बाई पाटी हातात धरून काहून उभी हाय? हात भरून येतील की तिचे. डोक्यावर दे. अन् खाली चुंबळ दे."

"करते उद्या."

रोज विचारायची, "झाली का चुंबळ?" मी तो कोड उघडून बघितला. त्यात बाई कुठं संपते अन् पाटी कुठं सुरू होते, तेच मला कळंना. शेवटी मीच तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतं त्यातलं?" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

तोवर तिचं गावभर सांगून झालं होतं. आमच्या विहारात रविवारची वंदना धम्मानंदकाका घेतात. ते म्हणाले, "या रविवारी साक्षी घेईल वंदना, अन् मंग गेम दाखवील." माय पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली.

पंचशील एकानं म्हणायचं अन् बाकीच्यांनी त्याच्यामागं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. झोपेतून उठवलं तरी म्हणेन असं पाठ, पण माझी जीभ उचलंना. मी सरळ पाचवं म्हटलं. निम्म्या बायांनी माझ्यामागं म्हटलं, निम्म्या थांबल्या.

"साक्षे, चौथं राहिलं गं," माय हसून म्हणाली. तिला वाटलं, लेकरू घाबरलं.

मी तिथंच रडायला लागले. "माय, तो गेम माझा न्हाई. मला काहीच येत न्हाई."

काकांनी चौथं शील म्हटलं, सगळ्यांनी त्यांच्यामागं म्हटलं, मायनंही म्हटलं. घरी येताना ती पुढं अन् मी मागं.

"शिव्या दे माय, मार मला," मी म्हटलं.

"मी साऱ्या बायांना सांगितलं होतं गं," ती म्हणाली. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी व्हिडिओ बंद केले. एकच काम धरलं. पडद्यावर एक चौकोन काढायचा अन् बाणाचं बटण दाबलं की तो सरकला पाहिजे, कुणाचं न बघता. मायनं आता विचारणं सोडलं होतं, म्हणून मीच जाऊन सांगायची, "माय, आज न्हाई झालं." ती "हं" म्हणायची अन् पीठ मळायची. सतरा दिवस मी तिला 'न्हाई झालं' सांगितलं. लॅपटॉप उचलून आपटावा असं कितीदा वाटलं. पण संध्याकाळी तिच्यापुढं काहीतरी खरं घेऊन जायचं होतं, म्हणून बसत राहिले.

अठराव्या दिवशी चौकोन सरकला. मी लॅपटॉप घेऊन ओरडत चुलीपाशी पळाले. मायनं बटण दाबलं. चौकोन सरकत सरकत पडद्याच्या बाहेर गेला.

"परत येत न्हाई का?"

"न्हाई. ते अजून जमलं न्हाई."

आधीची माय असती तर शेजारणींना हाका मारत सुटली असती. हिनं पदराला हात पुसले, माझ्या तोंडाकडं बघितलं अन् हळूच विचारलं,

"हे तुझंच हाय ना गं?"